दुर्बिणीच्या तपासणीतले डिस्पोजेबल भाग: कोणता कधी बदलायचा आणि बदलताना काय चुकते

पोटाची किंवा आतड्याची दुर्बीण म्हणजे एकच वस्तू नव्हे. वर्षानुवर्षे वापरायचा एक लांब स्कोप, आणि त्याला जोडलेले आठ-दहा बारीक भाग. हवा-पाण्याचे बटण, सक्शनचे बटण, बायोप्सीच्या तोंडावरची रबरी टोपी, पाण्याची बाटली आणि तिची नळी, इरिगेशनची (आत पाण्याचा मारा करायची) नळी आणि तिचा कनेक्टर, फोर्सेप्स (ऊतीचा तुकडा घ्यायचा चिमटा), स्नेअर (गाठ कापायचा तारेचा फास), सुई, ब्रश, काही स्कोपना टोकावर बसणारी कॅप. यातले बरेचसे आता एकदाच वापरून टाकायच्या रूपात मिळतात. गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंड्यातल्या लहान एंडोस्कोपी युनिटमध्येही हे पुडे आलेले दिसतात. पण पुडा आला म्हणजे संसर्ग थांबला असे नाही. हे भाग स्कोप धुण्याला पर्याय नाहीत. ज्या जागा कितीही धुतल्या तरी नीट निघत नाहीत, तेवढ्याच जागा ते आपल्या हातून काढून घेतात. बाकी सगळी धुलाई जशीच्या तशी राहते. पुढचा सगळा लेख हे धरूनच वाचावा.

आधी वर्गवारी

१९६८ साली अर्ल स्पॉल्डिंग यांनी मांडलेली विभागणी आजही वापरात आहे. जी वस्तू रक्तात किंवा निर्जंतुक ऊतीत शिरते ती 'क्रिटिकल': तिला निर्जंतुकीकरणच लागते. जी नुसती श्लेष्मल त्वचेला लागते ती 'सेमी-क्रिटिकल': तिला निदान हाय लेव्हल डिसइन्फेक्शन (रसायनात बुडवून जवळपास सगळे जंतू मारणे), म्हणजे एचएलडी हवे. स्कोप दुसऱ्या वर्गात बसतो. पण त्याच स्कोपच्या पोटातून जाणारा बायोप्सी फोर्सेप्स श्लेष्मल त्वचा फाडतो, म्हणून तो पहिल्या वर्गात. फोर्सेप्स, स्नेअर आणि इंजेक्शनची सुई स्कोपसोबत त्याच ट्रेमधल्या द्रावणात बुडवून पुन्हा वापरणे ही चूक या एका फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होते.

डिस्पोजेबल फोर्सेप्स ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून पुन्हा वापरायचा मोह सगळीकडे असतो. तो करू नये, आणि कारण साधे आहे. फोर्सेप्सचे आवरण म्हणजे तारेचे घट्ट वेटोळे. त्याच्या फटीत रक्त आणि श्लेष्मा वाळतो, आत ब्रश जात नाही, आणि वाळलेल्या प्रथिनांच्या व क्षारांच्या थराखाली वायू नीट पोचत नाही. एकदाच वापरायचा माल उघडून धुता येईल असा बनवलेलाच नसतो. पैशांची ओढाताण असेल तर सरळ पुन्हा वापरता येणारा, ऑटोक्लेव्ह होणारा फोर्सेप्स घ्यावा: आधी अल्ट्रासोनिक क्लीनर, मग पुडीत घालून १३४ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह. डिस्पोजेबल आणि रियुजेबल यांच्या मधली तिसरी वाट धरू नये.

पुड्यावर वर्तुळातला २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ दिसली की ती वस्तू एका रुग्णासाठी. बायोप्सी टोपी, बटणे आणि कॅप यांच्या पुड्यावर हे चिन्ह हमखास बघावे, कारण काही कंपन्या दिसायला सारखीच बटणे दोन्ही प्रकारांत देतात.

पुडा उघडण्याआधी

गोव्यात हा टप्पा इतर ठिकाणांपेक्षा जास्त जपावा लागतो. जून ते सप्टेंबर इथली हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. निर्जंतुक पुडीची एक बाजू प्लास्टिकची आणि दुसरी बहुधा खास कागदाची असते. त्या कागदातून निर्जंतुकीकरणाचा वायू आरपार जावा म्हणून तो सच्छिद्र ठेवलेला असतो. हाच कागद ओला झाला की जंतूंना वाट मिळते. पुडी नंतर वाळली तरी ती निर्जंतुक धरायची नाही. कागदावर पाण्याचा डाग, चुणी, फुगवटा किंवा कडेचा चिकटपणा सुटलेला दिसला तर ती पुडी बाद.

खोके जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर लांब आणि छताखाली ४५ सेंटिमीटर मोकळे ठेवून रॅकवर मांडावेत. पावसाच्या माऱ्याची भिंत कोणती हे इस्पितळातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या भिंतीला रॅक लावू नये. कोठीत आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली राहायला हवी. त्यासाठी साधा आर्द्रतामापक पुरतो, पण तो नुसता टांगून न ठेवता रोज सकाळी आकडा वहीत उतरवावा. रात्री एसी बंद करून सकाळी लावणारी युनिटे पावसाळ्यात पुड्यांवर दव जमवून घेतात.

हातात पुडी घेतली की चार गोष्टी बघायच्या: मुदत, लॉट क्रमांक, पुडीची अखंडता, आणि स्कोपच्या मॉडेलशी जुळणारा कोड. चौथी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहते.

आणि पुडी ऐनवेळीच उघडावी. दिवसभराची बटणे सकाळीच फोडून किडनी ट्रेमध्ये काढून ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी असते. त्या ट्रेवर दिवसभर किती हातमोजे फिरतात, हे उभे राहून एकदा मोजून बघावे.

बटणे आणि टोपी

हवा-पाण्याच्या बटणाच्या डोक्यावर बारीक भोक असते. भोकावर बोट ठेवले की हवा जाते, दाबले की पाणी. बटणाच्या दांड्यावर रबरी पडदे असतात. त्यातला एक पडदा रुग्णाच्या पोटातला दाब मागे यंत्राकडे येऊ देत नाही. रियुजेबल बटणात हा पडदा कालांतराने तडकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. डिस्पोजेबल बटणाचा खरा फायदा इथे आहे: घाण साचण्याच्या खाचा तर जातातच, शिवाय पडदा दर वेळी नवा मिळतो.

बसवताना:

१. स्कोपच्या खोबणीत बटण सरळ धरून दाबावे, फिरवून कोंबू नये. 'टक्' असे बसले पाहिजे.
२. डिस्पोजेबल बटणाला सिलिकॉन तेल लावू नये. तेल रियुजेबल बटणांसाठी असते.
३. स्कोपचे टोक निर्जंतुक पाण्याच्या वाटीत धरून भोकावर बोट ठेवावे: बुडबुडे यावेत. बोट काढावे: बुडबुडे थांबावेत. बोट काढूनही बुडबुडे येत राहिले तर बटण चुकीचे किंवा वाकडे बसले आहे. असा स्कोप रुग्णात घातला तर हवा अखंड भरत राहते.
४. दाबल्यावर पाणी, सोडल्यावर बटण झटकन वर. अडकले तर बदला. ठोकून सुरू करू नका.
५. सक्शन दाबून वाटीतले पाणी ओढले जाते ना ते पाहावे.

बायोप्सीच्या तोंडावरची टोपी प्रत्येक रुग्णाला नवी घ्यावी, मग त्या तपासणीत बायोप्सी झालेली असो वा नसो. फोर्सेप्स आत-बाहेर होताना टोपीची चीर रुंदावते, तिच्या आतल्या अंगाला ऊतीचे कण चिकटतात, आणि चीर सैल पडली की हवा गळून पोटातले पाणी सिस्टरच्या हातावर उडते. खर्च कमी करायला कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर उत्तर 'इथून नव्हे' असे आहे: या यादीतला बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घाणेरडा भाग हाच.

रियुजेबल बटणेच वापरात असतील तर ती ज्या स्कोपची त्याच स्कोपसोबत जाळीच्या पिशवीत धुवावीत, तशीच ठेवावीत आणि नोंदवावीत. सगळ्या स्कोपची बटणे एका डब्यात मिसळली की कोणते बटण कोणत्या रुग्णात गेले हे पुढे कधीच शोधता येत नाही.

एक धोक्याची गोष्ट. तपासणीनंतर हवा-पाण्याची वाहिनी धुण्यासाठी वेगळे क्लीनिंग अडॅप्टर असते, बहुधा वेगळ्या रंगाचे. ते दाबले की हवेच्या आणि पाण्याच्या दोन्ही वाहिन्यांत पाणी जाते, सोडले की आपोआप हवा. म्हणजे बोट न ठेवताही हवा चालूच. ते अडॅप्टर विसरून पुढच्या रुग्णाला राहिले तर आतडे फुगून फाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अडॅप्टर ठेवण्याची जागा बेडजवळ नको, धुण्याच्या ट्रॉलीवर हवी.

पाण्याची बाटली आणि इरिगेशन

बाटलीत निर्जंतुक पाणीच, दोन तृतीयांशापर्यंत. नळाचे पाणी नको. मग ते ओपाच्या जलप्रकल्पाचे असो, साळावलीच्या किंवा अस्नोड्याच्या. ते पिण्यायोग्य असते, निर्जंतुक नसते. स्यूडोमोनास आणि क्षयाच्या जंतूंचे पर्यावरणातले भाऊबंद अशा पाण्यात आरामात राहतात, आणि ब्रॉन्कोस्कोपीत (फुप्फुसाच्या दुर्बिणीत) तर त्यांच्यामुळे नसलेल्या क्षयाचा अहवाल 'पॉझिटिव्ह' येऊन रुग्णाला उगाच औषधे सुरू होऊ शकतात. चोवीस तासांची डिस्पोजेबल नळी-झाकण वापरत असाल तर उघडल्याची तारीख आणि वेळ मार्करने लिहावी आणि दिवस संपताना टाकावी. कमी झाले म्हणून वरून ओतत राहू नये, बाटलीच बदलावी.

फेस मोडण्यासाठी या बाटलीत सिमेथिकोन घालण्याची रीत बंद करावी. त्याचा तेलकट थर बारीक वाहिन्यांत चिकटतो आणि नेहमीच्या धुलाईला दाद देत नाही. लागलेच तर कमीत कमी मात्रेत, सिरिंजने, ब्रश जाऊ शकणाऱ्या बायोप्सी वाहिनीतून द्यावे.

इरिगेशनच्या नळीत दोन वेगळे तुकडे असतात आणि गोंधळ त्यांच्यातच होतो. पंपाकडची लांब नळी चोवीस तासांची असू शकते. स्कोपला जोडणारा एकमार्गी झडप असलेला छोटा कनेक्टर मात्र प्रत्येक रुग्णाला नवा. कोलोनोस्कोपीत आतड्यातला दाब पाण्यासोबत मळ आणि रक्त मागे ढकलू शकतो. झडप जुनी झाली तर ते लांब नळीत पोचते आणि दिवसभरातल्या उरलेल्या सगळ्या रुग्णांना वाटले जाते. कनेक्टर संपला म्हणून लांब नळी सरळ स्कोपला लावणे म्हणजे झडपच काढून टाकणे. आणि इरिगेशन वापरले नसले तरी ती वाहिनी दर वेळी धुवायचीच.

बाइट ब्लॉक, सक्शन जारची पिशवी आणि जारपासून स्कोपपर्यंतची नळी: प्रत्येक रुग्णाला नवी. इथे जास्त सांगण्यासारखे काही नाही.

ड्युओडेनोस्कोपची कॅप

ईआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांची दुर्बीण) करणाऱ्या केंद्रांनी हा भाग सावकाश वाचावा. ड्युओडेनोस्कोपच्या टोकाला एलिव्हेटर नावाची लहानशी हलती जीभ असते. तिच्या मागच्या कोनाड्यात जुन्या, कायम बसवलेल्या कॅपमुळे ब्रश पोचत नसे. अमेरिकेत २०१२ ते २०१५ या काळात औषधांना न जुमानणाऱ्या सीआरई जंतूंचे उद्रेक या स्कोपशी जोडले गेले. त्यातले काही अशा इस्पितळांतले, जिथे धुण्याचे नियम नीट पाळलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने इस्पितळांना डिस्पोजेबल भाग असलेल्या किंवा पूर्ण डिस्पोजेबल ड्युओडेनोस्कोपकडे वळा असे सांगितले. डिस्पोजेबल कॅपने रुग्णा-रुग्णांमधला दूषितपणा निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होऊ शकतो, असे तेव्हाचे त्यांचे म्हणणे होते. त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा: उरलेला दूषितपणा कॅप काढल्यावर उघड्या पडणाऱ्या कोनाड्यातच आणि वाहिन्यांत असतो.

क्रम असा:

१. स्कोपचे टोक कोरडे करा. ओल्या टोकावर कॅप बसल्यासारखी वाटते पण बसत नाही.
२. एलिव्हेटर खाली. कॅपवरची खूण स्कोपवरच्या खुणेशी जुळवा, पूर्ण आत सरकेपर्यंत किंवा आवाज येईपर्यंत दाबा.
३. कॅप हलकेच ओढा आणि वळवा. जराही हलली तर काढून नवी घ्या. सैल कॅपला चिकटपट्टी गुंडाळू नका: पट्टी रुग्णात सुटते, आणि तिच्या गोंदाखाली घाण लपते.
४. एलिव्हेटर तीन-चार वेळा वर-खाली. कॅपच्या कडेवरून बोट फिरवून धार तर नाही ना ते पाहा. चिरलेली कॅप श्लेष्मल त्वचा कापू शकते.
५. तपासणीनंतर बेडजवळची धुलाई करताना टोक डिटर्जंटमध्ये बुडवून एलिव्हेटर हलवत राहा. कॅप केव्हा काढायची ते मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे.
६. काढलेली कॅप पूर्ण आहे का ते नजरेखालून घाला. तुकडा कमी असेल तर डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा. रुग्ण अजून टेबलवरच असतो.
७. आता मोकळा झालेला कोनाडा: एलिव्हेटर वर करून मागून, खाली करून पुढून, छोट्या मऊ ब्रशने. मग सिरिंजने फ्लश.

सातवी पायरी गाळली तर कॅपवरचा सगळा खर्च पाण्यात.

कॅप-बटणे काढल्यावर स्कोपचे काय

स्कोप बाहेर आल्या आल्या बेडजवळच: बाहेरून पुसणे, डिटर्जंट ओढून वाहिनी स्वच्छ येईपर्यंत सक्शन, अडॅप्टर लावून ३० सेकंद पाणी आणि मग १० सेकंद हवा. मग डिस्पोजेबल भाग तिथेच काढून कचऱ्यात, स्कोप झाकलेल्या ट्रेमधून धुण्याच्या खोलीत. मग लीक टेस्ट, म्हणजे स्कोप कुठे फुटला तर नाही ना ते पाहणे. तासाभराच्या आत हाताने धुलाई, कारण त्यापुढे श्लेष्मा वाळून बायोफिल्मची (जंतूंच्या चिवट थराची) सुरुवात होते. एवढ्या वेळात जमलेच नाही तर पुस्तिकेतली उशिराच्या धुलाईची, जास्त वेळ भिजवण्याची पद्धत लावावी लागते. ब्रश वाहिनीच्या मापाचा: २.८ मिलिमीटरच्या वाहिनीतला ब्रश ४.२ मिलिमीटरच्या वाहिनीत भिंतीला टेकतच नाही, नुसता फिरून येतो. ब्रश टोकातून बाहेर आला की त्याचे केस पुसून मगच मागे ओढायचा. ब्रशही डिस्पोजेबल घ्यावा. केस मुडपलेला ब्रश दिसायला ब्रशसारखाच असतो, म्हणून तो वर्षभर चालवला जातो.

एचएलडीसाठी आता ऑर्थो-थॅलाल्डिहाइड बऱ्याच ठिकाणी वापरतात. ०.५५ टक्क्यांचे हे द्रावण जास्तीत जास्त १४ दिवस वापरायचे. त्याआधीही रोज पट्टीने तपासून प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली गेले की ओतून द्यायचे. धुतलेला पण न निथळलेला स्कोप आत टाकला की त्याच्यासोबतच्या पाण्याने द्रावण पातळ होते; पट्टी चौदाव्या दिवसाच्या कितीतरी आधी नापास होते ती याच कारणाने. ग्लुटाराल्डिहाइड वापरत असाल तर ध्यानात ठेवा: ते प्रथिने जागच्या जागी घट्ट बसवते, म्हणून घाण राहिलेल्या वाहिनीत ते उलटे काम करते.

शेवटी ०.२ मायक्रॉन फिल्टरच्या किंवा निर्जंतुक पाण्याने धुणे, ७० टक्के अल्कोहोल फ्लश, आणि वाहिन्यांतून निदान १० मिनिटे फिल्टर केलेली दाबाची हवा. पावसाळ्यात ही १० मिनिटे कापली जातात आणि सकाळी वाहिनीतून पाण्याचा थेंब टपकतो. तो थेंब दिसला तर तो स्कोप पहिल्या रुग्णाला लावू नये, पुन्हा एचएलडीला जावा. कपाटात स्कोप उभा टांगावा, बटणे आणि टोपी न लावता. नवे बटण आदल्या रात्रीच बसवून ठेवणे म्हणजे ओल आत कोंडणे.

आयसीयूत रात्री-अपरात्री लागणाऱ्या ब्रॉन्कोस्कोपीसाठी पूर्ण डिस्पोजेबल स्कोप घ्यावा, असे आमचे मत आहे. रात्री दोन वाजता धुणारा माणूस नसतो आणि सकाळपर्यंत स्कोप वाळून गेलेला असतो. तो सकाळी 'अजून एकदा लागेल' म्हणून बेडशेजारी लटकवून मात्र ठेवू नये.

नोंद, साठा, कचरा

प्रत्येक तपासणीच्या ओळीत पाच गोष्टी: रुग्णाचा नोंदणी क्रमांक, स्कोपचा अनुक्रमांक, वापरलेल्या भागांचे लॉट क्रमांक, धुलाई सुरू-संपल्याची वेळ, धुणाऱ्याची सही. पुडीवरचा स्टिकर सोलून वहीत चिकटवला की लिहिण्याचा कंटाळा उरत नाही.

साठ्याचा हिशेब उदाहरणाने: रोज १० तपासण्या, महिन्याला २५ दिवस. बायोप्सी टोप्या आणि बटणांचे जोड २५०, खराब निघणाऱ्यांसाठी १० टक्के धरून २७५. त्यातल्या रोजच्या ४ कोलोनोस्कोपी असतील तर इरिगेशनचे कनेक्टर १००, म्हणजे ११०. चोवीस तासांच्या नळ्या एका पंपाला २५, अधिक ३. घाटातली वाहतूक पावसात अडते, तेव्हा मे महिन्यात दीड महिन्याचा माल आत असावा. त्याहून जास्त भरू नये. कोठीतली ओल तोही खाते.

कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. बटणे, टोपी, नळ्या, कॅप लाल पिशवीत. नळ्या कापून, म्हणजे कोणाला पुन्हा वापरता येणार नाहीत. इंजेक्शनची सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. रक्ताने भिजलेला कापूस आणि ऊतीचे तुकडे पिवळ्या पिशवीत. पिशवीवर बारकोड हवा, आणि कुंडईच्या प्रक्रिया केंद्राची गाडी येईपर्यंत कचरा ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहू नये; चतुर्थीच्या सुट्ट्यांत हा आकडा ओलांडला जातो, म्हणून उचल आधीच ठरवून घ्यावी. मुदत संपलेले ऑर्थो-थॅलाल्डिहाइड थेट मोरीत नको. दर ३.८ लिटरमागे २५ ग्रॅम ग्लायसिन घालून ढवळावे, तासभर ठेवावे, मग सांडपाणी प्रक्रियेत सोडावे. हाताला लागले तर कातडी राखाडी पडते, तेव्हा हे काम नायट्राइल मोजे घालूनच.